तेलाच्या कोठीचे लोखंडी दार

रत्नागिरीच्या रस्त्यांवर तेव्हा रॉकेलचे कंदील होते आणि आमच्या भातगिरणीत विजेचे दिवे. इंजिनाच्या पट्ट्यावर डायनामो फिरे. त्याची वीज भिंतीवरच्या संगमरवरी बोर्डावर येई. त्यावर तांब्याचे उघडे खटके होते. हे काम मी मुंबईत एका कापडगिरणीत शिकलो होतो. बोर्ड माझ्याकडे, इंजिन त्याला तेल घालणाऱ्या तेलवाल्याकडे. हा मांडवीचा, आधी गलबतावर होता. मनगट माझ्या पोटरीएवढे.

गिरणीमागच्या कोठीतून तेलाचे डबे जाऊ लागले. रात्री रखवालदार असे, म्हणून चोरी व्हायची ती भर दुपारी. एकदा एक हमाल सापडला. शेठने त्याला फणसाला बांधले, पट्ट्याच्या तुकड्याने फोडून काढले आणि आम्हालाही एकेक फटका मारायला लावले. मी दोन मारले. दुसरा कोणी सांगितला नव्हता.

तरी डबे जायचे थांबेनात. मग शेठ मला म्हणाला, "तुझी वीज काय नुसती उजेड पाडायला? दाराला लाव."

मी लावली. बोर्डावरून एक तार कोठीच्या लोखंडी दाराला नेली. सगळा जोर माणसावर येऊ नये म्हणून मध्ये, बोर्डापाशीच, एक दिवा जोडला. दाराला कोणी शिवले की तो दिवा थोडा उजळे. वैशाख होता, दारापुढचा कातळ तापून कोरडा ठणठणीत. अनवाणी उभा राहून मीच दाराला हात लावून पाहिला. विंचू चावल्यासारखी कळ कोपरापर्यंत गेली, एवढेच. दिव्याच्या आतली तार लाल होते न होते इतकीच. शेठ खूश झाला.

तेलवाल्याला दिवसातून तीनचारदा कोठीत जावे लागे. त्यासाठी आमची रीत ठरली. बोर्डाशेजारी कोठीकडची खिडकी होती. बाहेरून तो ओरडे, "वीज तोड." मी खटका ओढून ओरडे, "तोडली." मगच त्याने दाराला शिवायचे. ही रीत तो एकदाही चुकला नाही.

आषाढातली गोष्ट. तो कोंडा उडवायच्या पंख्याच्या मोटरीचा पट्टा चढवत होता. मी त्याच्याकडे न पाहता खटका टाकला आणि मोटर फिरली. पट्टा सुटून त्याच्या पाठीवर बसला, सदरा फाटून रक्त आले. चूक उघड माझी होती. तो आला, माझी मान धरली आणि माझे तोंड त्या संगमरवरावर आपटले. समोरचा दात अर्धा तुटला. तांदूळ पाखडणाऱ्या बायका बघत होत्या.

"दिसलं काय आता?" तो म्हणाला. "नाय तर परत दाखवतो."

"विजेच्या देवाच्या पाया पाडतोय तो त्याला," एक बाई म्हणाली. "पाडू दे गो, कधी पडला नाय तो."

सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि त्याच्यापुरते ते तिथेच संपले. संध्याकाळी त्याने मला विडी देऊ केली. मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी खिडकीबाहेरून हाक आली, "वीज तोड."

माझा हात खटक्यावर होता. मी तो ओढला नाही. ओरडलो, "तोडली."

दिव्याची तार लाल झाली. वैशाखात झाली होती तशी नव्हे, निखाऱ्यासारखी. बाहेर आवाज नव्हता. त्याला एक कळ बसावी, तो बोंबलावा आणि बायकांनी ऐकावे, एवढेच माझ्या मनात होते. ओल्या कातळावर काय होईल हे मला ठाऊक नव्हते, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितले. पण ओल्या अंगाने विजेला शिवू नये, हे मुंबईत पहिल्या दिवशीच शिकवतात. त्या लाल तारेकडे मी पाहत राहिलो. ती विझत नाही, म्हणजे त्याचा हात दारापासून सुटत नाही, हे कळल्यावरही काही वेळ पाहिले. मग खटका ओढला.

तो दारापाशी पाण्यात पडला होता. जीभ दातांत सापडून तोंड रक्ताने भरलेले, तळहात भाजलेला, खांदा निखळून हात पाठीमागे वळलेला. मी त्याच्या छातीवर बसून बुक्क्या मारल्या. वाचवण्यासाठीच मारल्या, पण मारताना कालचा राग अजून हातात होता. तो खोकला, तेव्हा लोक धावत आले.

तो वाचला. हाडवैद्याने खांदा बसवला, तरी उजवा हात पुन्हा वर गेला नाही. त्या दुपारचे त्याला काहीच आठवेना. शेठने मला विचारले, "हाक मारली होती त्याने?"

मी म्हणालो, "नाही."

"मग स्वतःच्या चुकीने मेला असता," शेठ म्हणाला आणि त्याला काढून टाकले. मांडवीत त्याचे नाव 'इसऱ्या' पडले. कोणी त्याला होडीवर घेईना. दोर सोडायला विसरेल, म्हणत. भेटला की तो मलाच म्हणे, "तू बुक्क्या मारल्यास म्हणून हाय मी. हाक कशी इसरलो, देवाला ठाऊक."

अशी पंधराएक वर्षे गेली. गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. तो पडवीत डाव्या हाताने जाळे सोडवत होता. मी सगळे सांगितले, दिव्याकडे पाहत राहिलो तेही.

तो आधी एवढेच म्हणाला, "म्हंजे हाक मारलेली मी?"

"मारली होतीस."

"आणि तू जाब दिलास?"

"दिला. तोडली म्हणालो."

त्याने आत हाक मारली, "बाहेर ये गो. ऐक हा काय म्हणतो."

त्याची बायको आली. मी तिला सांगितले. ती त्याच्याकडे पाहत राहिली, माझ्याकडे नाही. मग त्याने डाव्या हाताने माझ्या तोंडावर मारले. पडलो, तर लाथ मारली. उठलो, तर पुन्हा मारले. मी हात वर केला नाही. त्याच्या बायकोने त्याला अडवले नाही. पडवीचे दार तेवढे ओढून घेतले.

दमल्यावर तो खाली बसला, श्वास लागला होता.

"पयल्यापासून सांग," तो म्हणाला. "मी काय ओरडलो, ते आधी."

तोंडातले रक्त गिळून मी पुन्हा सुरुवात केली.