कंसातला हशा

कार्बन गेला, तेव्हा वर्गमित्रांनी कॉलेजच्या त्याच जुन्या खोलीत शोकसभा ठेवली. पहिला वक्ता म्हणाला, तो अबोल होता. दुसरा म्हणाला, अत्यंत अबोल होता. तिसऱ्याला सांगायला काहीच उरलं नाही, म्हणून तो पंधरा मिनिटं बोलला. अध्यक्षांनी ठरावात 'अबोल' लिहूनही टाकलं.

चष्मेवाला पहिल्या बाकावर चुळबुळत होता. आता कानाला यंत्र होतं; कॉलेजात ऐकू येत नव्हतं तेव्हा नव्हतं. कॉलेजची तीन वर्षं त्याने काढली ती शेजारच्या या मित्राच्या जिवावर. मित्र वहीत कार्बन कागद घालून सरांचं वाक्यन् वाक्य टिपायचा आणि तास संपला की खालची प्रत याच्या हातात. ताप असो, सख्ख्या बहिणीचं लग्न असो, खाडा नाही. त्यावरूनच 'कार्बन' हे नाव. सरांचे विनोदही सुटत नसत; पुढे कंसात 'हशा'. पहिल्या बाकावरून मागचा वर्ग दिसत नाही, त्यामुळे चष्मेवाला घरी जाऊन वाचायचा आणि एकटाच हसून घ्यायचा.

पाळी आल्यावर त्याने त्यातलाच एक सांगितला. "स्थिर वस्तू बाहेरून बळ लागेपर्यंत स्थिरच राहते. उदाहरणार्थ, आपले ग्रंथपाल."

कोणी हसायच्या आत नव्वदीचे सर काठी टेकत उठले. "हे मी म्हणालो?"

"हो सर. तारखेसकट लिहिलंय."

"ग्रंथपाल माझे सासरे होते."

सरांनी काठी आपटली.

"तीस वर्षं शिकवलं. एक विनोद केला असेल तर शपथ."

"खरंय," तिसरा वक्ता म्हणाला. "सरांच्या तासाला आम्ही फक्त झोपायचो."

मग ते तीन वर्षांचे विनोद कोणाचे? चष्मेवाला कार्बनच्या बायकोकडे वळला. "वहिनी, हा घरी गमतीजमती करायचा?"

"छे हो! फोनवरसुद्धा मान हलवून 'हो' म्हणायचे."

"अध्यक्ष, ठराव थांबवा! कोणी उठायचं नाही!" पासष्टीचा गडी जिने उतरून धावत सुटला. त्याचं चष्म्यांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम तशीच ठेवून मदतनीस बाई बघत राहिल्या आणि हा माळ्यावरचा त्या कार्बन प्रतींचा गठ्ठा उराशी धरून परतलासुद्धा.

धापा टाकत त्याने वाचलं. "निर्वात पोकळीतून आवाज जात नाही. पटत नसेल तर परीक्षेत स्वतःच्या डोक्याला कान लावून पाहा." मागच्या बाकांवर हशा फुटला. वहिनी डोळे पुसता पुसता खुदखुदल्या. "अगं बाई, हे आमचे?"

"पुढचा," सर म्हणाले.

दहाव्या विनोदानंतर अध्यक्षांनी 'अबोल' खोडलं. "मग लिहू काय?"

"ग्रंथपालांचं वाक्य लिहा," सर म्हणाले. हसून त्यांचे खांदे गदगदत होते. "सासरे आता हरकत घेणार नाहीत."

"आणि पुढे कंसात हशा लिहा," चष्मेवाला कानातलं यंत्र चाचपत म्हणाला. "या वेळी मी ऐकलाय."