पालकाची सही

"सही मी करणार नाही," सिल्वेत म्हणाली. "शिक्षा तुझी, कागद तुझा, पेनही तुझंच. तूच कर."

"पेन माझं असेल, मुलगी तुझी आहे," तिची आई रेमोंद म्हणाली, आणि तिनं तो कागद सुपाच्या भांड्याला टेकवून उभा केला. समोरच्याला बसल्या जागी वाचता यावा असा.

जुंपली होती ती बराच वेळ. लीक-बटाट्याच्या सुपावर साय धरायला लागली होती. फेर्नां, रेमोंदचा नवरा, पावाचा मधला भाग कुरतडत बसला होता. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती सिल्वेतची अकरा वर्षांची मुलगी, कापुसीन, टेबलाच्या टोकाला आपल्या रिकाम्या ताटलीत बघत होती.

कागद तिनं सगळी दुपार खपून लिहिला होता. आजीनं दिलेलं वाक्य 'मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडणे', आणि काळ त्यांच्या फ्रेंच भाषेतला तो नेहमीचा, चालत राहिलेला भूतकाळ. मी तोडत असे, तू तोडत असस, ती तोडत असे, आम्ही तोडत असू, तुम्ही तोडत असा, ते तोडत असत. मग तेच सगळं नकारार्थी. मग प्रश्नार्थक. खाली एक रेघ, आणि रेघेखाली आजीच्या गोल, वळणदार अक्षरात: पालकाची सही.

अशी शिक्षा आता शाळेत कुणी देत नाही. पण फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या त्या डोंगराळ गावात तिशी ओलांडलेलं एकही माणूस असं नव्हतं, ज्यानं कधी ना कधी रेमोंद तेरासाँबाईंसाठी असा कागद लिहिला नव्हता. पावाच्या दुकानातला धिप्पाड जेरोम अजूनही बाई आत शिरल्या की एप्रनला हात पुसून सरळ उभा राहायचा. बाई गेल्या की मागे म्हणायचा, "आल्या होत्या सहा शेपट्या." कारण रेमोंदची शिकवण्याची रीत तीच होती. वर्तमानकाळातलं 'आम्ही'चं रूप घ्या, त्याची शेपटी, म्हणजे प्रत्यय, कापा, या सहा शेपट्या लावा. यातल्या चार कानाला अगदी एकसारख्या लागतात, लिहायच्या मात्र वेगळ्या. "कानावर विश्वास ठेवायचा नाही, हाताला सवय लावायची," असं ती पट्टी फळ्यावर टेकवून सांगायची. 'अभ्यास करणे'च्या 'आम्ही'त एकापुढे एक दोन इ येतात. आपल्या वर्गातून एकही मूल ती दुसरी इ विसरून बाहेर पडलं नाही, याचा तिला केवढा अभिमान. बाकी सगळी क्रियापदं नियमानं चालतात. फक्त एकच, 'असणे', कुणाचं ऐकत नाही. "प्रत्येक वर्गात असं एक असतंच," ती म्हणायची आणि तिसऱ्या बाकाकडे बघायची.

तिसऱ्या बाकावर सिल्वेत बसायची.

गावात वर्ग एकच, त्यामुळे पोटच्या पोरीला आईच्याच हाताखाली शिकावं लागलं. वर्गात 'आई' म्हणायचं नाही, 'मादाम' म्हणायचं. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून रेमोंदनं माप उलट्या बाजूला झुकवून टाकलं. दुसऱ्याच्या दोन चुका माफ, सिल्वेतची एकही नाही. आणि खरा छळ संध्याकाळी असायचा. घरी आल्यावर रेमोंद वर्गातला निळा डगला दाराआड टांगायची, हात धुवायची, आणि जणू काही ठाऊकच नसल्यासारखी विचारायची, "मग, आज शाळेत काय झालं?" सिल्वेतनं दप्तरातून कागद काढायचा. आईनं तो वाचायचा, मान हलवायची आणि म्हणायची, "मी कशी सही करणार, मी तर शिक्षिका." मग कागद सरकायचा फेर्नांपुढे. फेर्नां पोस्टमन. सह्या घेण्यात आणि देण्यात त्याचा जन्म गेलेला. न वाचता, चष्म्याशिवाय, सुपाचा चमचा डाव्या हातात तसाच धरून तो सही ठोकायचा.

यातलं काहीच रेमोंदला छळ वाटत नव्हतं. आजही वाटत नव्हतं. नवऱ्यापासून वेगळी होऊन सिल्वेत पोरीला घेऊन माहेरी राहायला आली, तेव्हा रेमोंदनं तोंडानं बडबड केली खरी, पण त्याच आठवड्यात माळ्यावरचा छोटा फळा उतरवून स्वयंपाकघरात टांगला. दर बुधवारी शाळेला सुट्टी. सिल्वेत औषधांच्या दुकानात कामाला. आजी आणि नात टेबलाशी. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून कशासाठी केस विंचरायचे हे रेमोंदला कळेनासं झालं होतं. ते आता बुधवारी कळायचं. पोरगी हुशार होती. 'आजोबा मटार सोलत होते', हे चालू राहिलेलं. 'फोन वाजला', हे एकदाच आलेलं. दोन्हींचा काळ वेगळा का, हे तिला एका झटक्यात समजलं होतं. वर तिनं विचारलं होतं, "आणि आजोबांनी फोन उचललाच नाही तर?" त्या दिवशी रेमोंद एकटीच हसत भांडी घासत होती.

मग रविवार उजाडला.

रविवारी फेर्नांची चुलत बहीण बेर्नादेत आणि तिचा नवरा जेवायला आले होते. मटण झालं, कोशिंबीर झाली, चीज आलं, आणि चीजबरोबर रेमोंदची जीभ सैल सुटली. जावई का सोडून गेला हे ती बेर्नादेतला सांगू लागली. बिचारा दमून घरी यायचा तर चूल थंड असायची, सिल्वेत आरशासमोर असायची, पोरीचे कपडे धुतलेले नसायचे. सिल्वेत तेव्हा कॉफी करायला आत गेली होती. ओट्यापाशी तिला सगळं ऐकू येत होतं, आणि पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून ती तिथेच उभी राहिली. बोलली ती कापुसीन. आजीचं वाक्य मध्येच तोडून ती म्हणाली की जेवण एकदाच नव्हतं, आईला ताप होता तेव्हा. आणि बाबा सोडून गेले नाहीत, आईनं त्यांना जायला सांगितलं, कारण ते आईवर हात उगारायचे.

बेर्नादेतनं चीजचा तुकडा ताटलीत परत ठेवला. रेमोंद पाहुण्यांदेखत म्हणाली, "मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतेस? बुधवारी लिहायला बसशील."

आज बुधवार होता.

"ती खोटं बोलली का?" सिल्वेत आता विचारत होती.

"खरं-खोट्याचा प्रश्नच नाही. बोलण्याची पद्धत असते."

"आणि तुझी पद्धत? तुझ्या तोंडी माझं सगळं नेहमीच घडतं. चूल नेहमीच थंड, कपडे नेहमीच मळके."

"हात उगारायचा हे मला कधी सांगितलंस?"

"शाळेत काय झालं ते तरी मी तुला कधी सांगायचे? तुला सगळं आधीच ठाऊक असायचं."

हे रेमोंदला झोंबलं. झोंबलं की ती शिस्तीत शिरायची. तिनं कागद भांड्यापासून उचलला, दोन बोटांनी सरळ केला आणि पूर्वीसारखाच नवऱ्यापुढे सरकवला. "फेर्नां, तू कर. संपवा हे."

फेर्नांनं कागदाकडे पाहिलं. मग खिसे चाचपले. "चष्मा कुठाय माझा?"

"सही करायला तुला कधीपासून चष्मा लागतो?"

"आज वाचणार आहे," तो म्हणाला.

तो उठला, खिडकीतून चष्मा घेऊन आला, आणि कागद दिव्याखाली धरून पहिल्या ओळीपासून वाचू लागला. ओठ हलवत, एकेक ओळ. ते कागद इतकी वर्षं किती लांबलचक असायचे हे त्याला बहुधा आजच समजत होतं. शेवटाला पोचल्यावर त्यानं कागद बायकोपुढे परत ठेवला. पेनाला हात लावला नाही. "पोरीनं छान लिहिलंय," तो म्हणाला. "पण मी यावर सही करणार नाही, रेमोंद. मागच्याही करायला नको होत्या."

कापुसीननं पहिल्यांदाच मान वर केली. "सही नाही झाली तर परत लिहायचं का?"

"दुप्पट," सिल्वेत म्हणाली. "सही नाही झाली की दुप्पट. नियम मला पाठ आहे." मग ती आईकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्यांची मात्रा सांगावी तसा सपाट झाला. क्लेरमाँ शहरातल्या औषधांच्या दुकानात तिला जागा मिळत होती. वर राहायला दोन खोल्या होत्या. शनिवारी बघायला ये म्हणाले होते. ती जाणार नव्हती, कारण पोरीला इथली शाळा आवडते आणि फेर्नांचे गुडघे दुखतात. "पण ही अजून एक ओळ जरी लिहायला बसली ना आई, तर शनिवारी मी जाते, आणि नोव्हेंबरात सगळ्या संतांच्या सणाला तू आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवायला जाशील तेव्हा आम्ही इथे नसू. कागद ठेव, नाहीतर आम्हाला ठेव."

सिल्वेतच्या तोंडावर फेकावं असं बरंच काही रेमोंदकडे होतं. तुला वाढवलं कुणी. तुझी शाळेची बक्षिसं कुणामुळे. या घरात तू फुकट राहतेस. ती सगळी वाक्यं तयार, नीट, शेपटीसकट होती. पण समोर कापुसीन बसली होती. तिच्या मधल्या बोटाला शाईचा डाग होता, आणि पेन धरून धरून तिथे खळगा पडला होता. असाच खळगा रेमोंदनं आधी तिसऱ्या बाकावरच्या एका बोटावर पाहिला होता. पाहिला होता, आणि रोज संध्याकाळी विचारलं होतं, आज शाळेत काय झालं.

माफी मागण्याची तिला सवय नव्हती आणि या वयात ती लावून घ्यायची इच्छाही नव्हती. ती उठली. भिंतीवरचा छोटा फळा तिनं खिळ्यावरून काढला. फळ्यावर गेल्या बुधवारचं 'सोलत होते' अजून तसंच होतं. तिनं तो उलटा करून फ्रिजच्या मागे सारला. परत येऊन कागद उचलला, चौघडी केली आणि सुपाचं भांडं त्यावर ठेवलं, टेबलाला डाग पडू नये म्हणून ठेवतात तसं.

"बुधवारची शिकवणी बंद," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "या टेबलावर यापुढे फक्त जेवायचं. आणि बेर्नादेतला रविवारी पुन्हा बोलवा, मागच्या वेळी तिला सांगितलं ते मला दुरुस्त करायचं आहे. सूप गार झालंय, ते तसंच प्या."