कॅचरची नवी जागा

चौबे कॉलोनीतल्या श्यामकांतरावांनी बेसबॉलचं मैदान उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, तरी कॉम्प्युटरवर त्यांचा अख्खा संघ होता. खेळायचं काही नाही, कोणाला कुठे उभं करायचं एवढंच ठरवायचं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरांना दुसरं काम शोधून देण्यात त्यांची रेल्वेतली तीस वर्षं गेली होती, त्यामुळे हा खेळ त्यांना लगेच जमला.

सध्या ते एका म्हाताऱ्या कॅचरच्या मागे लागले होते. बॅटवाल्यामागे उकिडवं बसून त्याचे गुडघे गेले होते, म्हणून त्याला पहिल्या बेसवर उभं राहायला शिकवणं चालू होतं. पण तिथे तो हातात आलेले चेंडू सोडायचा.

"मग काहून खेळवता त्याले?" रमाबाईंनी विचारलं.

"सरावाचे सामने आहेत. यात चुकलं तरी कोणी मोजत नाही. असाच शिकते माणूस."

रमाबाई नुसत्या हसल्या. निवृत्तीनंतर त्यांनी नवऱ्याला ओट्याशी उभं केलं होतं. सहा महिने सकाळचे पोहे तेच करत, पण दोघांपुरते. पाहुणे आले की रमाबाई हातातून झारा काढून घेत, आणि ते श्यामकांतरावांना झोंबायचं.

रविवारी नागपूरहून मेहुणी पद्मिनी आली. हाताची सुगरण आणि तोंडाची फटकळ. श्यामकांतराव सवयीनं ओट्यापासून बाजूला झाले. रमाबाई मात्र बहिणीशेजारी ऐसपैस बसल्या.

"पोहे हे करून राहिले," त्या म्हणाल्या. "तू बस."

श्यामकांतरावांनी दोनदा हात धुतले आणि कढई चढवली. सरावाचे सामने संपले होते.