काकीच्या घरी चुली किती?

एम.ए.ला मी मानवशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत तो विषय कुणालाच कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसा कळला नव्हता. "म्हंजे मानसं मोजते का वं तू?" असं शेजारच्या काकीनं विचारलं, तेव्हा "हाव" म्हणून मी मोकळी झाले. पुढं पुण्याच्या सरांनी खरोखरच माणसं मोजायला पाठवलं, आणि तेही माझ्याच गावात, धामणगाव बढ्याजवळ.

सरांचं म्हणणं असं, की घर म्हणजे भिंती नव्हेत, एका चुलीवरचं जेवणारी माणसं. "आता गॅस आला असेल, पण शब्द चूलच वापर. लोकांना बरोबर कळतो." अहो, नुसता कळतो? जरा जास्तच कळतो! आमच्याकडे 'त्यांच्या दोन चुली झाल्या' म्हटलं की भाऊ वेगळे निघाले, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण हातात छापील फॉर्म आला की माणसाची अक्कल कुठं जाते कोण जाणे.

पहिला फॉर्म मी घरीच भरला. चूल एक, माणसं तीन: माय, भाऊ आणि मी. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. भाऊ नाशिकला नोकरीला, मी हॉस्टेलवर. अर्ध्या मिनिटात काम फत्ते.

मग काकीकडे गेले. ती ओट्यावर मेथी निवडत होती. मी पेन उघडून ऐटीत विचारलं, "काकी, तुमच्या घरी चुली किती?"

तिचा हात जागच्या जागी थांबला. "काऊन वं? कोन काय म्हनलं तुले?"

आतून मोठ्या सुनेचा आवाज आला, "म्या कोनाले काईच नाही सांगतलं!" आणि माडीवर धाडकन दार लागलं. मेली ना मी! धाकट्या सुनेनं माडीवर शेगडी मांडली होती. आधी बाळाच्या दुधासाठी, मग चहासाठी, मग नवऱ्याच्या डब्यासाठी. तो मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सकाळी लवकर निघायचा. काकीनं ही शेगडी गल्लीपासून लपवून ठेवली होती, आणि मी ओट्यावर बसून खणखणीत आवाजात तिचीच चौकशी केली होती.

दुपारपर्यंत काकीचं घर फुटलं अशी बोंब नळावर पोचली. माय माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. "दोन पोरं एका घरात ठेवाले तिनं जिवाचं रान केलं, अन् तू कागद घिऊन गेली!" मला रडूच आलं. सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "संध्याकाळचं जेवण कुठं शिजतं आणि कोण जेवतं, ते बघ. आणि जो नियम लावशील तो सगळ्या घरांना सारखा लाव."

मी धावत काकीकडे गेले, हात जोडले, नियम सांगितला. ती पहिल्यांदा हसली. "मंग झालं तं! सांजचं तं साऱ्याईचं खालीच शिजते. ये, सोताच्या डोयानं पाह्य. अन् मंग गल्लीत वरडून सांग, एकच चूल हाय म्हनून."

संध्याकाळी मी फॉर्म घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. काका-काकी, दोन मुलं, दोन सुना, एक बाळ. सात. बाळ आईच्या ताटात जेवणार, म्हणजे ताटं सहा. धाकटी माडीवरून उतरली आणि गुमान ताटं वाढायला लागली. मी मोजली, तर सात निघाली. सातव्या ताटात भाकर दुधात बारीक कुस्करलेली.

"वहिनी, मी जेवून आले. आन् माझे दात शाबूत हायेत," मी हसत म्हटलं.

धाकटी गोंधळली. "तुमचं नाही ताई, काकूचं हाय. सवयीनं वाढलं गेलं."

"उचल ते," काकी हळूच म्हणाली.

काकू म्हणजे माझी माय. मी घरी आले की वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, सगळं साग्रसंगीत करणारी. फोनवर "जेवली का?" विचारलं की "हाव, झालं आताच" म्हणणारी. कुठं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन विचारलं. माय भांडी विसळत होती. वळलीसुद्धा नाही. "एकलीसाठी कोन रांधते वं? काकी आवाज देते, मी जातो. तुमी आले की करतोच ना."

मला मायचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पण नियम सगळ्यांना सारखा लावायचा होता. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत वाचत, मी काकीच्या फॉर्मवर लिहिलं: चूल एक, माणसं आठ. आठव्या नावापुढं नातं काय लिहू, असं विचारलं, तर काकी म्हणाली, "जाऊ लिह्य. अजून काय लिहितं?" माडीवरून धाकटी हसल्याचं ऐकू आलं.

मग घरचा फॉर्म काढला आणि त्यातलं मायचं नाव खोडलं. भाऊ मेसमध्ये जेवतो, मी हॉस्टेलवर. त्यांचीही नावं खोडली. चुलीच्या रकान्यात काय लिहावं, ते काही सुचेना. तो फॉर्म मी सरांना दिलाच नाही.