टेमघरची बटणवाली कॉलर

कपड्यांच्या दुकानात चिंध्या साठतात तसेच किस्सेही साठतात. चिंध्यांची निदान गोधडी होते. किश्शांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून लिहून टाकते.

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. आमच्या दामूशेठनं गोडाउनवाल्याला जमीन विकली आणि भिवंडीत टेमघरला जेन्ट्सच्या कपड्यांचं दुकान काढलं. माल एक्स्पोर्टमधून उरलेला, अमेरिकेतली कॉलेजची पोरं पूर्वी घालायची तसा. शर्टांच्या कॉलरच्या टोकांना बटणं आणि ब्लेझरला पितळी बटणं. मागच्या खोलीत शिलाई. तिथं युनूस मास्टर कापड कापायचा आणि मी काज-बटण करायची. कात्रीला हात लावायची मला मनाई. "औरत का हाथ सुई पे अच्छा," मास्टर म्हणायचा. मला कात्री हवी होती. बाकी दुकानाबद्दल माझी तक्रार नव्हती.

*

एक्स्पोर्टच्या खोक्यात एक फोटो निघाला. कॉलेजच्या पायरीवर पाच गोरी पोरं, पाचही ब्लेझरमध्ये. शेठनं तो काचेवर चिकटवला.

दिघाशीची एक म्हातारी नातवाच्या लग्नाचे कपडे घ्यायला आली. फोटो बराच वेळ निरखून म्हणाली, "यातला नवरा कोनचा?"

"कोनीच न्हाय, आजी. कॉलेजला चाललेत," शेठ म्हणाला.

"मांडव न्हाय, वाजाप न्हाय, मंग कोट कशाला?"

आजीनं नातवासाठी सफारी घेतली.

*

कॉलरच्या बटणांवर गिऱ्हाइकांचा भारी राग. बँकेतला एक कारकून म्हणाला, "काढून टाका ही. कॉलर काय पळून जाणार आहे?"

मी बटणं काढली. दोन दिवसांनी तो परत. "भोकं तशीच राहिली की."

"भोकं काढता येत नाहीत," मी म्हटलं. "त्यांच्यावर बटणं लावता येतात."

तीच बटणं त्यानं पुन्हा लावून घेतली, आरशात पाहिलं आणि मला म्हणाला, "आता कसं शोभतंय! हे आधीच करायचं ना."

*

या शर्टांना पाठीवर, खांद्याच्या खाली, कापडाचं एक छोटं कडं असायचं. शर्ट खिळ्याला अडकवायला. एका लूममालकानं विचारलं, "हा फास कोणासाठी?" नाराजीनंच घेतला त्यानं शर्ट.

पुढे तो मित्रांबरोबर अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर गेला. भिंतीला नुसते खिळे. बाकीच्यांचे शर्ट घसरून चिखलात पडले, याचा कड्यावर लटकलेला, कोरडा. सोमवारी चार शर्ट घ्यायला हजर.

"रंग कुठलाही द्या," म्हणाला, "फास पाहिजे."

*

मधल्या काळात मी डाग पडलेला एक शर्ट घरी नेला, ब्लेडनं उसवला आणि एकेक तुकडा पेपरवर ठेवून आखून घेतला. शिकवणारं कोणी नव्हतं, आणि कोणाला विचारायची माझी तयारीही नव्हती. त्यात कॉलरची मेख सापडली. बटण लावल्यावर ती सपाट बसता कामा नये, जरा फुगायला हवी. म्हणून कापड टोकाकडे थोडं जास्त सोडायचं. मास्टर कॉलर कापायचा ती पापडासारखी सपाट.

घरी निळ्या बारीक रेघांची चादर होती, भिवंडीच्याच लूमवरची. अर्ध्या चादरीचा शर्ट शिवला आणि गुपचूप एक्स्पोर्टच्या मालात टांगला. कॉलेजातले एक प्रोफेसर तोच घेऊन गेले. आठवड्यानं परत आले. "असाच अजून एक द्या. अमेरिकन कटिंग ते अमेरिकन कटिंग."

शेठनं सगळा माल उलटापालटा केला. "बाय, याचा जोडीदार कुठं हाय?"

"माझ्या पलंगावर अंथरलाय," मी म्हटलं.

शेठ पोट धरून हसला. मास्टर हसला नाही. मी शेठला तिथल्या तिथं विचारलं, "मग देताय कात्री?"

शेठ म्हणाला, "मेज मास्टरचं हाय. तो हो म्हनंल तवा."

मास्टर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. सुया लागल्या तरी शेठकरवी मागायचा, मी समोर बसलेली असताना.

*

मग मास्टरच्या मुलीचा निकाह ठरला.

एका दुपारी त्यानं मेजावर पांढरं कापड ठेवलं. त्यावर कात्री, मूठ माझ्याकडे.

"लड़केवाले बंबई के हैं," तो कापडाकडे बघत म्हणाला. "मेरे लिए बटनवाली कॉलर. वो फूलती है, वैसी."

शेठचा चहाचा कप ओठाशीच थांबला. मी टेप उचलली. गळा झाला, खांदे झाले, बाही झाली. पोटाला टेप लावली तर मास्टरनं श्वास असा आत ओढला की डोळे बाहेर आले. येईल त्या गिऱ्हाइकाला "साँस छोड़ो, भाईजान" म्हणणारा माणूस!

मी पेन्सिल हातात घेतली. "मास्टर, अडतीस लिहू का खरं लिहू?"

त्यानं शेठकडे एक नजर टाकली, माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "मास्टर से क्या छुपाना. सही लिखो."