आजारी नसलेलं लेकरू

परभणीच्या बाजारात मी दिसले की लेकरांचे चेहरे पडतात. परवा भाजी घेताना पालमकडची एक बाई पोराला दटावत होती, "गप बस, न्हाई तर ती बघ सुईवाली बाई आली!" माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "अगं माय, उद्या ताप आला तर माझ्याकडंच आणशील ना त्याला? मग कशाला भ्या दाखवायलीस?" ती तोंडाला पदर लावून हसत निघून गेली. पोरगं मात्र वळून वळून माझ्याकडं बघत रडत होतं.

लहान मुलांची डॉक्टर म्हणून केस पिकले माझे. हातात येणारं लेकरू तापलेलं, कण्हणारं, नाहीतर लस टोचायची म्हणून आईनं घट्ट आवळून धरलेलं. बरं झालं की गेलं गावाकडं. तसंच व्हायला हवं, तक्रार कसली? पण एखाद्या धडधाकट लेकरानं आपणहून माझ्याकडं झेपावं, ही हौस काही फिटली नाही. मुलाला मुलगी झाली तेव्हा वाटलं, चला, आता तरी! पण मुलगा-सून परदेशात. नात दीड वर्षाची होईस्तोवर मी तिला फोनवरच पाहिलं. काचेवरून तिच्या गालावर बोट फिरवायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

या दिवाळीत ते तिघं आले. घर दवाखान्याच्याच वर. वर जाण्याआधी मी हात घासघासून धुतले, स्पिरिटचा वास नको म्हणून साडी बदलली. नव्या लेकराच्या डोळ्यांत एकदम बघायचं नाही, आधी त्याच्या आईशी गप्पा मारायच्या, ही माझी रोजची रीत. तीही करून पाहिली. छे! बया सुनेच्या मानेत तोंड खुपसून बसली. स्वयंपाकाच्या मावशींकडं गेली, शेजारणीकडं गेली, दारातल्या रिक्षावाल्याच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवून आली. माझ्याकडं तेवढी नाही. "येईल हो आई, हळूहळू," सून म्हणायची. मी हसायचे आणि आत जाऊन डोळे पुसायचे. हळूहळू यायला वेळ कुठं होता? त्यांची परतीची तिकिटं कपाटात होती.

निघायच्या आदल्या दिवशी चुडावा गावची एक बाई आली. पावसाळ्यात तिचं बाळ न्यूमोनियानं माझ्याकडं भरती होतं; फार ओढाताण झाली होती त्याची. दवाखाना बंद बघून ती थेट वर आली. बाळाचं जावळ काढलेलं, डोक्याचा गुळगुळीत गोटा, अंगात नवं झबलं. तिनं ते सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी लगेच झबलं वर करून छाती बघायला लागले. "काय होतंय? खोकला? दूध ओढतंय ना?"

"काय बी न्हाई मॅडम," ती म्हणाली. "जावळ काढलं, म्हणून तुमच्या वटीत घालाया आणलंय. सासू म्हणली, ज्यांनी जगवलं त्यांच्या मांडीवर आधी. तुमी नुसतं घ्या."

मी झबलं खाली केलं. बाळ माझ्या पदराशी खेळायला लागलं.

हे सगळं माझी नात दारातून बघत होती. तिला काही ते खपलं नाही. तुरुतुरु आली, बाळाला ढकललं आणि गुडघा टेकून माझ्या मांडीवर चढायला लागली. "अगं अगं, पडंल ते!" मी ओरडले. चुडाव्याची बाई खो खो हसली, "लय जळकी हाय की तुमची नात!" तिनं आपलं बाळ उचलून घेतलं. मांडीवर उरली नात. जड, ऊबदार, खोबरेल तेलाच्या वासाची. माझी बोटं सवयीनं तिच्या गळ्याखालच्या गाठी चाचपायला गेली.

"आई! तपासू नका ना तिला!" सून म्हणाली.

मी बोटं काढून घेतली. ती कुठं ठेवायची तेच कळेना. मग नातीनंच हात ओढून आपल्या पोटावर घेतला.

त्यानंतर ती माझ्या कडेवरून उतरेचना. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गाडी लागली तरी नाही. शेवटी मुलानं तिला माझ्यापासून ओढून घेतलं, तेव्हा तिनं असा टाहो फोडला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. आजवर लेकरं माझ्याकडं आणताना रडली. हे एकच माझ्याकडून नेताना रडत होतं. आणि रडणारं लेकरू गप्प करण्यात जन्म गेला माझा, पण त्या घडीला, खरं सांगते, तिनं गप्प होऊ नये असंच मला वाटत होतं.