वेणूबाईची जपानी गाडी

रेवदंड्याहून अलिबागच्या बाजारात मासळी नेणाऱ्या बायांमध्ये वेणूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. रिक्षावाल्यांपुढे मात्र तिचं काही चालत नसे. मासळीच्या पाट्या दिसल्या की रिक्षावाला लांबूनच हात हलवी. "पाणी गळतं, मावशी. मागनं पॅसेंजर बसत न्हाय." एका सकाळी अशा तीन रिक्षा निघून गेल्या. चौथी मिळेपर्यंत ऊन वर आलं आणि बाजारात पोचेस्तोवर बोंबलांचा पार चिखल झाला. त्या दिवशी तिने घरी येऊन सांगितलं, "मी गाडी घेणार."

नवरा चंदर ओट्यावर जाळं सांधत होता. "बावन्न वर्सांची झालीस. आता शिकनार तू?"

"तू होडी शिकलास तवा मी इचारलं व्हतं?"

गाडी तिच्या मनात आधीपासूनच होती. नागावच्या नीराबाईंची. नीराबाई अलिबागच्या कोर्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. वीस वर्षं वेणूबाईकडूनच मासळी घेत. त्यांची निळी होंडा जॅझ दोन हजार दहा सालची. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशा त्या गाडीबद्दल बोलत, गुण आणि खोड दोन्ही सांगून. मागची बैठक वर उचलली की माडाची रोपं उभीच्या उभी मावतात. पोट मात्र खाली, गतिरोधकावरून हळू न्यावी लागते. पण चौदा वर्षांत तिने कधी रस्त्यात सोडलं नाही, हे त्या दर वेळी सांगत.

मग त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्यांनी गाडी विकायला काढली, तशी गिऱ्हाइकं आली. एकाने टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "मॉडेल बंद झालंय. त्यात समुद्राकाठची गाडी." नीराबाईंनी त्याला फाटक उघडून दिलं.

वेणूबाई तेव्हा त्यांच्याच अंगणात सुरमई कापत होती. तिने कोयता खाली ठेवला. "मना द्याल काय?"

"मासे भरणार तू त्यात?"

"मग काय, मोगरा भरू?"

नीराबाई आत निघून गेल्या. आठवडाभर त्यांनी हा विषय काढला नाही. पुढच्या मंगळवारी पापलेटं घेताना म्हणाल्या, "आधी चालवून दाखव. मग बघू."

वेणूबाईने शिकाऊ परवाना काढला आणि अलिबागच्या मोटार स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला मास्तर चिडका होता. तो जे चिडून सांगे, ते नीराबाई संध्याकाळी व्हरांड्यात बसून समजावत. गाडी अंगणातच थोडी मागे-पुढे करायची. नीराबाईंना समोरचं धूसर दिसे, पण कान तिखट होते. "क्लच एकदम सोडतेस. ऐक, इंजिन गुदमरतंय." वेणूबाईला डोळ्यांनी बघून शिकण्यापेक्षा हे बरं वाटलं. होडीचं मशीनही तिला आवाजावरूनच कळत असे. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. त्या आठवड्यात नीराबाईंनी विक्रीच्या कागदांवर सह्या केल्या. सीटवरची क्रोशाची कव्हरं तेवढी काढून घेतली.

मेकॅनिक मोरूने गाडी वर उचलून खालून टॉर्च मारला. "इंजिन अजून कवळं हाय, काकी. पत्रा मात्र खाऱ्या हवेनं खाल्लाय." त्याने गंज खरवडला, दोन ठिकाणी पत्रा जोडला, खालून काळा रंग मारला. "तेल येळेवर बदल. येक पार्ट मागवायचा तर आठ दिस लागतील, ती तयारी ठेव."

वेणूबाईने मागची बैठक उचलून तिथे बर्फाचे खोके लावले. पहिल्या महिन्यात चौलच्या वळणावर ती प्रत्येक एसटीला वाट देत थांबत असे. मग थांबेनाशी झाली.

गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा नोंदणी वाढवायला ती तपासणीसाठी न्यावी लागली. वेणूबाईने तीन दिवस ती लिंबू आणि खायच्या सोड्याने घासली. तपासणी करणाऱ्या साहेबांनी दार उघडलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"मासे वाहता काय यातून? खासगी गाडी आहे ही."

"आमच्याच होडीचे हायेत, साहेब."

साहेब गाडीभोवती फिरले. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, खाली वाकून पत्रा ठोकून पाहिला. धुराची तपासणी दोनदा केली. वेणूबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. गाडी गेली तर पुन्हा हात हलवणाऱ्या रिक्षा, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. शेवटी साहेबांनी सही केली. "पाच वर्षं मिळतील. पत्र्याकडे लक्ष ठेवा."

त्या दिवशी चंदरही जाळ्याचा दोर घ्यायला अलिबागला आला होता. वर्षभर तो या गाडीत बसला नव्हता. आता दोराचं बंडल मागे टाकून पुढे बसला आणि आक्षीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

"होडीपेक्षा कमी हालते," तो म्हणाला.

"पट्टा लाव," वेणूबाई म्हणाली, आणि तिने गियर बदलला.